आजीचं ‘कागूद’

प्रश्न : मी हिंगोली जिल्ह्यात प्राथमिक शाळेवर आहे. तत्सम-तद्भव शिकवताना ‘कागद’ कुठल्या खान्यात टाकायचा यावरून वर्गात गोंधळ झाला. एक मुलगी म्हणाली, “आमची आजी कागूद म्हणते.” दुसरा म्हणाला, “आमच्या घरी कागज म्हणतात, तेच बरोबर.” माझी जाऊ बीदरकडची आहे, ती आलेल्या पत्रालाच कागद म्हणते. हा शब्द मूळचा कोणाचा, आणि मुलांना कोणतं रूप बरोबर म्हणून सांगू?
– एक शिक्षिका, कळमनुरी

उत्तर : ताई, वर्गाचं आधी मिटवू. ‘कागद’ तत्सम नाही, तद्भवही नाही. तो परभाषीय शब्दांत घाला, त्यातही फारसीत. आपल्याकडं लिहायला भूर्जपत्र होतं, ताडपत्र होतं, राजा दान देणार असेल तर ताम्रपट होता. कागद ही वस्तू बाहेरून आली आणि येताना आपलं नाव सोबत घेऊन आली.

आता त्या मुलाचं ‘कागज’. माझे वडील तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली बसणारे अर्जनवीस होते. निजामाच्या राज्यात शिकलेले, त्यामुळं शाळा सगळी उर्दूत झालेली. १९४८ साली संस्थान भारतात आलं, कचेरीची भाषा बदलली, तरी त्यांची सतरंजी त्याच लिंबाखाली राहिली. अर्ज तेवढे मराठीत लिहू लागले. पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी असायची. आत दौत, दोन-तीन बरू, ओली शाई वाळवायला बारीक वाळूची डबी, आणि खाली सपाट ठेवलेले कागदाचे ताव. मी तिसरी-चौथीत असताना त्यांनी त्याच झाकणावर मला उर्दू अक्षरं गिरवायला लावली. एके दिवशी त्यांनी चार अक्षरं काढली: काफ, अलिफ, ग़ैन, दाल. “वाच.” मी वाचलं, कागद. मग बरू दौतीत टेकवून त्यांनी शेवटच्या दालच्या डोक्यावर एक ठिपका दिला. “आता वाच.” दालला नुक्ता मिळाला की त्याचा ज़ाल होतो. शब्द झाला कागज़. तो ठिपका अजून ओला होता, चमकत होता, ते मला आजही दिसतं.

तुमच्या वर्गातल्या भांडणाचं सगळं मूळ त्या ठिपक्यात आहे. जुन्या फारसीत या शब्दाच्या शेवटी आपला ‘द’ही नव्हता आणि ‘ज़’ही नव्हता. दोन्हींच्या मधला आवाज होता, जिभेचं टोक वरच्या दातांना हलकं लावून वारा सोडला की निघतो तसा. इंग्रजीतल्या ‘दॅट’, ‘दिस’ या शब्दांच्या सुरुवातीला तो ऐकू येतो. ज्यांच्या भाषेत असा आवाज नाही त्यांनी कानाला जवळचा वाटला तो घेतला. उत्तरेकडं ‘ज़’ धरला गेला, त्याचा कागज झाला, बंगालीत कागोज. आपण ‘द’ धरला. कानडीतही कागद, तेलुगूत कागितम्, तमिळमध्ये कागिदम्, गुजरातीत कागळ. तिकडं तुर्कस्तानात शेवटी ‘त’ उरला, उझबेकांकडं ‘ज़’ उरला, जॉर्जियात तर कागाल्दी झालं. असंच जोडपं तुम्हाला विजापुरात भेटेल. फारसी ‘गुंबद’. त्याचा एकीकडं गुंबज झाला, म्हणून गोलगुंबज. आपल्या तोंडी त्याचा घुमट झाला. त्या मुलाला सांगा, तुझं कागज अगदी बरोबर, आणि शेजारच्याचं कागदही बरोबर. एकाच आवाजाची ही दोन लेकरं आहेत.

तुमच्या जाऊबाईही चुकत नाहीत. कानडीत कागद म्हणजे पत्र असा अर्थ आजही चालतो. गुजरातीत ‘कागळ लखवो’ म्हणजे पत्र लिहिणं. आणि मराठीत? शिवकाळातला, पेशवाईतला पत्रव्यवहार काढून पाहा, तिथं पत्राला सर्रास ‘कागद’ म्हटलेलं आहे. आपल्याकडं तो अर्थ मागं पडला, बीदरकडं टिकला. खेड्यात मात्र कागदाला अजून एक वजन आहे. ‘शेताचा कागद झाला का?’ असं कुणी विचारलं की खरेदीखत झालं का, हे विचारलेलं असतं.

आणि आता आजीचं कागूद. ताई, खरं सांगते, तुमच्या पत्रातल्या त्या एका शब्दासाठी मी हे उत्तर एवढं लांबवते आहे. कारण शाळेत आपण हेच रूप सगळ्यात आधी खोडतो. मीही वर्षानुवर्षं वह्यांमधून लाल शाईनं खोडलं. ते खोडायला नको होतं. फळ्यावर हे शब्द एकाखाली एक लिहा आणि मुलांना मोठ्यानं म्हणायला लावा: माणूस, माणसाला. पाऊस, पावसाला. कापूस, कापसाला. लाकूड, लाकडाला. आता आजीचा शब्द घ्या: कागूद, कागदाला. चाल तीच आहे. एकट्या शब्दात शेवटच्या अक्षराआधी ‘ऊ’ येतो, प्रत्यय लागला की तो निघून जातो. मराठीची ही आपली खास घडण आहे, कुणी शिकवलेली नाही, आईच्या बोलण्यातून येते. फारसीतून आलेल्या शब्दाला आजीनं लाकूड-कापसाच्या साच्यात बसवलं, म्हणजे तिच्या लेखी तो शब्द पाहुणा राहिलेलाच नाही. प्रमाणभाषेनं त्याला कागद म्हणून दारात उभं केलं, आजीनं चुलीपाशी पाट दिला. आणि कागद तयार कशाचा होतो? कापसाच्या चिंध्यांचा, नाहीतर लाकडाच्या लगद्याचा.

परीक्षेत ‘कागद’ लिहा म्हणून जरूर सांगा. पण त्या मुलीला ‘आजीला नीट बोलता येत नाही’ असं वाटू देऊ नका, एवढी माझी विनंती आहे.

शब्द आपल्याकडं कधी रुजला, याची खूण तुमच्या जिल्ह्यातच आहे. नरसी हे नामदेवांचं जन्मगाव मानतात. त्यांचा काळ १२७० ते १३५०. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांतल्या एका पदाची सुरुवातच अशी आहे: ‘आनीले कागदु काटीले गूडी’. कागद आणला, कापून पतंग केला, आकाशात सोडला. पोरगा चार जणांशी बोलतो आहे, चित्त मात्र दोरीवर. हा ग्रंथ १६०४ साली पंजाबात सिद्ध झाला, आणि तिथंही ‘कागदु’मधला द जसाच्या तसा राहिला. ‘आनीले’, ‘काटीले’ ही क्रियापदं तर कानाला आपल्या आणिले-कापिले यांचीच बहीण वाटतात. नांदेडला जाणं होईल तेव्हा लक्षात ठेवा, तिथल्या ग्रंथात हिंगोलीच्या पोराच्या हातातला कागदाचा पतंग आहे.

आता मूळ. फारसीच्या मागं गेलं की धागा सोग्दी भाषेपर्यंत पक्का लागतो. सोग्दी म्हणजे समरकंदच्या बाजूचे व्यापारी. चीन आणि इराण यांच्यामधल्या वाटेवर उंट हाकणारे, रेशीम-कस्तुरीचा व्यापार करणारे. त्यांच्या भाषेत ‘कागधा’च्या जवळ जाणारा शब्द होता, तोच फारसीत गेला. त्या लोकांची प्रत्यक्ष पत्रं सापडली आहेत. १९०७ साली ऑरेल स्टाइन या पुरातत्त्व संशोधकाला चीनच्या पश्चिम टोकाला, दुनहुआंगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात घडी केलेले कागद मिळाले. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचे, म्हणजे सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीचे. पोचायच्या आत टपालच हरवलेलं. त्यांत मिवनाय नावाच्या एका बाईचं पत्र आहे. नवरा तिला आणि लेकीला परक्या मुलखात टाकून निघून गेलेला. ती त्याला लिहिते की तुझी बायको होण्यापेक्षा एखाद्या कुत्र्याची नाहीतर डुकराची बायको झाले असते तर बरं झालं असतं.

हे वाचलं तेव्हा मला वडिलांच्या पेटीपुढं बसलेल्या बाया आठवल्या. डोईवरचा पदर दातात धरून, खाली मान घालून सांगायच्या, “लिव्हा, म्हणावं पोरगी आजारी हाय, इसरलास का.” वडील काहीही न बदलता लिहायचे. ‘सदरहू’ आणि ‘विनंती विशेष’ वर यायचं, मधे बाईचे शब्द तिच्याच तोंडचे. ज्या वस्तूनं मिवनायचा राग सांभाळला तीच वस्तू आणि तिचंच नाव वडिलांच्या सतरंजीवर होतं. शब्दाचं मूळ शोधायचं ते कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

सोग्दींच्या मागं मात्र वाट फुटते. कागद करण्याची कला चीनची, यात शंका नाही. इसवी सन १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्यानं झाडाची साल, चिंध्या, जुनी जाळी कुटून केलेला कागद राजापुढं ठेवला असं चिनी इतिहास सांगतो. त्याहून जुने तुकडेही तिथं सापडले आहेत. पण चिनी भाषेत कागदाचं रोजचं नाव अगदी वेगळं, एकाच अक्षराचं आहे. म्हणून काही अभ्यासक ‘कागद’ला कागदी तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदाच्या जुन्या चिनी नावाशी जोडतात, तर काही तुर्की भाषांतल्या ‘झाडाची साल’ या अर्थाच्या शब्दाशी. दोन्ही वाटा झाडाच्या सालीपाशीच जातात, पण निवाडा झालेला नाही. मुलांना तो तसाच सांगा. विद्वानांचं अजून एकमत व्हायचं आहे हे कळलं की पोरांना शब्दाची गोडी लागते, असा माझा अनुभव आहे.

सहल काढणार असाल तर वेरूळला जाताना एक थांबा जास्तीचा घ्या. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधे कागजीपुरा नावाचं गाव आहे. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारी घराणी सोबत आली, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ‘कागजी’ हेच त्यांचं आडनाव, हाच धंदा. मी एकदा आठवीच्या मुलींना घेऊन गेले होते. हौदात चिंध्यांचा नि रद्दीचा पातळ लगदा होता, ताकासारखा. कारागिरानं लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची बारीक चटई ठेवली, दोन्ही हातांनी ती लगद्यात तिरपी बुडवली, वर काढली आणि पाणी निथळायच्या आत मनगटाला एक झटका दिला, पुढं-मागं, मग डावीकडं-उजवीकडं. त्या झटक्यात कागदाची जाडी ठरते. चटई उचलली की खाली ओलं, थरथरतं पान राहतं. मग दाबून पाणी काढायचं, भिंतीला चिकटवून वाळवायचं, खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचं. न घोटलेल्या कागदावर बरू अडखळतो आणि शाई फुटते. एका मुलीनं घोटलेल्या बाजूवरून गाल फिरवून पाहिला आणि म्हणाली, “बाई, हे तर सायीसारखं हाय.” एवढी नेमकी उपमा मला सुचली नसती.

जाता जाता एक गोष्ट, तुमच्या वर्गाच्या रोजच्या कामाची. वहीत समास सोडायला आपण सांगतो, पण का सोडायचा ते सांगत नाही. जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास ते सांगून गेलेत. दासबोधात लिहावं कसं यावर एक अख्खा समास, म्हणजे प्रकरण, आहे. तिथं ते म्हणतात, भोवतालची जागा सोडून द्या आणि मधेच लिहा, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही. ओवीत शब्द ‘कागद’ हाच आहे. हातकागदाच्या कडा आधी झडतात, हे पाहिलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. वडिलांच्या पेटीतल्या कागदांच्या कडा आता भाकरीच्या पापुद्र्यासारख्या सुटतात. अक्षर मात्र शाबूत आहे, कारण त्यांनीही दोन बोटं जागा सोडलेली.

प्रश्न : कागद म्हणजेच पत्र, तर मग ‘कागदपत्र’ का म्हणतात? एकच गोष्ट दोनदा कशाला?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, लातूर

उत्तर : बाळा, तू ‘धनदौलत’ही म्हणतोस ना? धन आपलं, दौलत अरबी. ‘बाजारहाट’मधला बाजार फारसी, हाट आपला. मानमरातब, रीतरिवाज हीही त्याच घरातली. एका गावात दोन भाषा शेजारी राहिल्या की लोक दोघींचे शब्द जोडून बोलतात, म्हणजे कुणालाच अडत नाही. वडिलांच्या अर्जात तर हे ओळीओळीला असायचं. साहेबाला एक अर्धा कळे, पक्षकाराला दुसरा.

‘पत्र’ म्हणजे मुळात झाडाचं पान, बेलपत्रातलं. अरबीतही असंच झालं. तिथं ‘वरक’ म्हणजे झाडाचं पान, आणि कागदालाही तोच शब्द. तो आपल्याकडं आला तो मिठाईच्या दुकानातून: पेढ्यावरचा चांदीचा वर्ख. कागदाच्या दुकानातले दोन शब्दही सांगते. ‘दस्ता’ हा फारसी ‘दस्त’वरून, म्हणजे हात, हातात मावतील तेवढे ताव, चोवीस. आणि ‘रीम’ आपण इंग्रजीतून घेतला खरा, पण इंग्रजीनं तो फ्रेंच-स्पॅनिशच्या वाटेनं अरबी ‘रिज़्मा’वरून घेतला, म्हणजे गठ्ठा. लहानपणी जूनमध्ये आम्ही दस्ता विकत आणायचो, आई दाभणानं वह्या शिवायची. वह्या शिवल्या की उरलेल्या दोन तावांवर आम्हा भावंडांची मारामारी ठरलेली.

प्रश्न : कागदी लिंबाचा कागदाशी काय संबंध?
– शेतकरी, जिंतूर

उत्तर : दादा, सालीचा. साल कागदासारखी पातळ, म्हणून कागदी. असाच पातळ कवचाचा बदाम तो कागदी बदाम. तुमच्या शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठानं कागदी लिंबाचे विक्रम आणि प्रमालिनी हे वाण दिलेत, त्यांची चौकशी करा, घोसानं लागतात.

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत निजामाच्या काळातले उर्दू कागद निघाले. घड्या फाटायला लागल्या आहेत. लॅमिनेशन करून ठेवू का?
– एक वाचक, औसा

उत्तर : नका करू. कृपा करून नका करू. लॅमिनेशनची उष्णता आणि गोंद कागदात एकदा मुरला की तो परत सोडवता येत नाही. घडीवर सेलोटेपही लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि खालचं अक्षर खाते. आमच्या घरच्या एका कागदावर मीच ती लावली होती, हौसेनं. आता तिथं सर्व्हे नंबरचे दोन आकडे वाचता येत नाहीत.

घडी हलक्या हातानं उघडा. कडक झाली असेल तर जोर करू नका, जेवढी उघडेल तेवढीच. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाच्या दोन घड्यांमधे सपाट ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल लागणाऱ्या भिंतीपाशी ठेवू नका. वाळवी-कसरीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, पण पुरचुंडीत बांधून. पान थेट कागदावर पडलं तर डाग पडतो. जमिनीचे कागद असतील तर महसुलाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कलही मागून ठेवा.

आणि वाचणारा माणूस मिळेपर्यंत फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, सावलीत. दोन्ही बाजूंचे काढा. वडिलांच्या हातात कुणी जुना कागद दिला की ते आधी तो पालथा करून पाहायचे. शिक्के, शेरे, कुणी कधी पैसे भरले याच्या नोंदी बहुतेक वेळा मागेच असतात.